रुग्णालयीन संक्रामण व त्याचे नियंत्रण

दाखल होताना रोग्याला नसलेला व परिपाकावस्थेतही नसलेला, परंतु रुग्णालयातील वास्तव्यात किंवा तेथील उपचारांमुळे त्याला जडलेला सूक्ष्मजंतुजन्य विकार म्हणजे रुग्णालयीन संक्रामण होय. दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर लक्षणे दिसू लागल्यास ते संक्रामण रुग्णालयीन समजण्याची प्रथा आहे; शस्त्रक्रियेच्या जखमेच्या बाबतीत ही मुदत ३० दिवसांपर्यंत धरतात. मूत्राशयात ठेवलेल्या नळीमुळे होणारे मूत्रमार्गाचे संक्रामण, जखमेत पू होणे, श्वसनयंत्रावरील रोग्यास होणारा फुफ्फुसशोथ आणि नीलेत खुपसलेल्या सुईवाटे रक्तात जंतू शिरणे हे त्याचे चार प्रमुख प्रकार होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार तीव्र विकारांसाठी रुग्णालयात राहिलेल्या दर शंभर रोग्यांपैकी श्रीमंत देशांत ७ व इतर देशांत १५ जणांना असे एखादे तरी संक्रामण होते. या संक्रामणांना आळा घालण्यासाठी रुग्णालयाने आखलेल्या कायमच्या व्यवस्थेस संक्रामण-नियंत्रण कार्यक्रम म्हणतात.

इतिहास : व्हिएन्ना येथील सूतिकागृहाच्या ज्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट प्रसूतीच्या कामास येत, तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुईणींच्या विभागापेक्षा पुष्कळच अधिक होते. मे १८४७ मध्ये इग्नाट्स फिलिप झेमेलव्हाइस यांनी विरंजक चूर्णाच्या पाण्याने हात धुणे तेथे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेले मृत्युप्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास उतरले. तरीही त्यांचे म्हणणे समव्यवसायी मंडळींना मानवले नाही. आपल्याच हातांनी रोगी दगावतो हे मान्य करणे वैद्याला जड जाते. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्लाचा वापर करून शस्त्रक्रियेच्या जखमा पुवापासून वाचविता येतात हे दाखविले आणि मग हा विचार रुजू लागला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक घटना विशेष उद्‌बोधक आहे. मुंबईतील परळ येथे व्हाल्डेमार मॉर्डेकाई हाफकीन यांच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी तिच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. ठपका प्रथम प्रयोगशाळेवर आला व हाफकीन यांना पद सोडावे लागले. पुढे असे निष्पन्न झाले की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि योग्य तऱ्हेने निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले होते. हाफकीन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. हजारो लोकांना तारणारी लस आणि मातीला लागलेला एक चिमटा यांतील हे अंतर या विषयातील सर्व नियमांच्या मुळाशी आहे.

प्रसूतीचे स्थलांतर : रुग्णालयीन संक्रामण हा मोठ्या शहरांतील प्रश्न समजला जातो, ते बरोबर नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याचे उदाहरण घेता येईल. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा डोंगराळ व वनाच्छादित तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध आदी जमातींची वस्ती येथे बरीच आहे. अशा प्रदेशात पूर्वी बहुतेक प्रसूती घरीच, दाईच्या हातून होत. नाळ विळ्याने किंवा हाताशी असलेल्या पात्याने कापली जाई आणि धनुर्वाताने अर्भक आठवड्याभरात दगावत असे. गरोदर स्त्रियांना लस टोचणे, तसेच हात, जागा, पाते, दोरा व नाळेचे टोक या पाच गोष्टी स्वच्छ राखण्याचे दाईंना दिलेले शिक्षण यांमुळे हा रोग हटला आणि २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना व २०१४ पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यांमुळे प्रसूतीची जागा मोठ्या प्रमाणावर घराऐवजी रुग्णालय ही झाली.

या बदलाने अनेक माता वाचल्या, हे निर्विवाद आहे. मात्र अर्भकाची पहिली गाठ आता घरातील जंतूंऐवजी रुग्णालयातील जंतूंशी पडते आणि हे जंतू वेगळ्या जातीचे असतात. प्रतिजैव औषधांच्या सततच्या माऱ्यात तगून राहिलेले क्लेब्सिएल्ला व ॲसिनेटोबॅक्टर हे दंडाणू ओलसर पृष्ठभागावर, हात धुण्याच्या मोरीत, नळ्यांत व शोषणयंत्राच्या बाटलीत टिकून राहतात. दिल्लीतील तीन रुग्णालयांत केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवजात अर्भकांच्या रक्तातील संक्रामणांपैकी बहुसंख्य जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच सुरू झाल्याचे व त्यांना कारणीभूत असणाऱ्या जंतूंवर नेहमीची औषधे बहुधा निष्प्रभ ठरत असल्याचे आढळले. याउलट गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रीकडून घरीच अर्भकाची काळजी घेण्याचा व संक्रामणावर इंजेक्शन देण्याचा जो प्रयोग केला, त्यात नवजात मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. घर वा रुग्णालय यांपैकी कोणतेही स्थळ मुळात सुरक्षित वा धोक्याचे नसते, एवढे यावरून दिसते.

किनवटनजीक गोकुंदा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे आवाक्याबाहेरचा ठरलेला रोगी शंभराहून अधिक किमी. प्रवास करून नांदेडला न्यावा लागतो. अनेक तालुक्यांतून असे रोगी एकाच ठिकाणी लोटल्यावर काय होते, याचे दर्शन नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घडले. तेथे ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रोगी मरण पावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. हे मृत्यू निरनिराळ्या कारणांनी झाले. त्यांना संक्रामणाचा उद्रेक म्हणणे योग्य होणार नाही. तथापि अतिदक्षता विभागात क्षमतेच्या दुपटीहून अधिक अर्भके ठेवावी लागत असल्याचे त्या वेळी पुढे आले आणि ही बाब प्रस्तुत विषयाच्या गाभ्याची आहे. एका पेटीत दोन अर्भके निजविली की त्यांचे जंतूही सामाईक होतात. एका परिचारिकेकडे दोनऐवजी आठ अर्भके सोपविली, तर प्रत्येक स्पर्शाआधी हात धुण्याचा नियम पाळणे तिला शक्यच होत नाही. दाटी हेच येथे संक्रामणाचे वाहन होय.

कार्यक्रमाचे स्वरूप : अमेरिकेत १९७० नंतर केलेल्या एका विस्तृत अभ्यासात असे दिसले की, दर २५० खाटांमागे याच कामासाठी नेमलेली एक परिचारिका, प्रशिक्षित वैद्य, संक्रामणांची नियमित मोजणी आणि शस्त्रक्रियेच्या जखमांच्या संक्रामणाचे प्रमाण संबंधित शस्त्रक्रिया-विशारदांना कळविण्याची पद्धत असेल, तर सुमारे एक तृतीयांश संक्रामणे टळतात. त्यातील २५० हा आकडा ग्रामीण भागास अडचणीचा ठरला. पन्नास-शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वाट्याला त्या हिशेबाने पाव किंवा अर्धी परिचारिका येते. म्हणजे व्यवहारात हे काम दुसऱ्या कामात गुंतलेल्या परिचारिकेकडे जादा म्हणून सोपविले जाते. केंद्र शासनाची ‘कायाकल्प’ योजना (२०१५) व संक्रामण-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे (२०२०) यांनी समित्या, तपासणी-सूची व गुणांकन यांची चौकट घालून दिली आहे. मात्र मोजणी हा कार्यक्रमाचा प्राण असून नेमकी तीच लंगडी पडते. रक्तातील जंतूंचे संवर्धन करण्याची सोय लहान रुग्णालयांत सामान्यतः नसते. औषध अंदाजाने दिले जाते. शिवाय मोजणारे रुग्णालय न मोजणाऱ्यापेक्षा वाईट दिसते. संक्रामणाचे शून्य प्रमाण कळविणाऱ्या रुग्णालयाविषयी जाणकाराला प्रथम शंका येते.

हात साबण व पाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. अल्कोहॉलयुक्त द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. उन्हाळ्यात नळाला पाणी नसते, त्या रुग्णालयात हा दुसरा उपाय अधिक भरवशाचा होय. उपकरणे उकळल्याने धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालील १२१° से. तापमानाची वाफ लागते आणि गाठोड्यांच्या मध्यापर्यंत ती पोचल्याची खूण दरवेळी तपासावी लागते. विरंजक चूर्णातील क्लोरीन उष्णतेने व हवेने उडून जातो. मराठवाड्यातील मे महिन्यात उघड्या पोत्यात राहिलेल्या चुर्णाला वास असला, तरी जंतुनाशक शक्ती पुरेशी उरत नाही. म्हणून त्याचा द्रव रोज नव्याने करतात.

पाश्चात्त्य ग्रंथांत ज्याचा विचार क्वचितच आढळतो, असा आणखी एक घटक आपल्या रुग्णालयांत असतो, तो म्हणजे सोबतचा नातेवाईक. रोग्याला उठविणे, भरविणे, त्याचे मलपात्र रिकामे करणे ही शुश्रूषेची निम्मी कामे तोच करतो आणि शेजारच्या खाटेवरील रोग्यालाही हात देतो. त्याला बाहेर काढण्याचे हुकूम टिकत नाहीत, कारण त्याच्याविना रुग्णालय चालत नाही. त्यालाच हात धुण्यास शिकविणे अधिक शहाणपणाचे आहे. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय असला, तरी थंडीच्या रात्री त्या प्रथम बंद होतात. कोव्हिड-१९ च्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, मुंबईतील एका मोठ्या खाजगी रुग्णालयातील अनेक परिचारिका बाधित होऊन ते प्रतिबंधित क्षेत्र ठरवावे लागले. साधनसंपत्ती असली म्हणजे संरक्षण आपोआप मिळते, हा समज त्यामुळे दूर झाला.

रुग्णालयातील कचऱ्याची २०१६ च्या नियमांनुसार जागच्या जागी वर्गवारी करतात. शरीराचे भाग, वार व रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. प्लॅस्टिकच्या नळ्या व सलाइनचे संच लाल पिशवीत. सुया व पाती भोसकली न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काचसामान निळ्या खोक्यात टाकले जाते. हा कचरा साधारणपणे ४८ तासांत सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जावा लागतो. अशी सोय पोचत नाही त्या दुर्गम भागात पिवळ्या पिशवीतील कचरा खोल खड्ड्यात पुरण्यास मुभा आहे. खड्डा दोन मीटर खोल असावा लागतो. तो निम्मा भरल्यावर वरच्या अर्ध्या मीटरपर्यंत चुना घालून उरलेला भाग मातीने बुजवितात. जनावरे शिरू नयेत म्हणून भोवती जाळी बसवितात आणि प्रत्येक खड्ड्याची नोंद ठेवतात. घरच्या प्रसूतीत वार परसात पुरण्याची जी रीत होती, तिचेच हे नियमबद्ध रूप होय.