बंधारा उभा आहे, पण पुळण कुठे गेली? किनाऱ्यावरची भिंत खरंच काम करते का, हे फोनवरून कसं तपासायचं

गेल्या गणपतीत मी आजोळी गेलो होतो. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव. मामाच्या घरासमोर माड, माडांच्या पुढे काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आणि त्यापुढे थेट पाणी. मी लहान असताना तिथे वाळू होती, आम्ही क्रिकेट खेळायचो. मी सहज म्हणालो, "मामा, बंधारा मस्त टिकलाय की!" मामा म्हणाला, "बंधारो आसा रे, पण पुळण खंय आसा?"

पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. मामाच्या वाडीत पूर्वी रापण लागायची. रापणीचं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी धरून माणसं ते किनाऱ्यावर ओढतात आणि ओढायला उभं राहायचं तर वाळू लागते. आता तिथे दगड आहेत. घर वाचलं, पण रापण गेली.

मी टेकवाला माणूस. लगेच फोन काढला, गूगल अर्थवर त्याच जागेच्या दोन वेगळ्या वर्षांच्या इमेजेस शोधल्या, स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले आणि मामाला दाखवले. "बघा, तीस मीटर किनारा गेला!" मामाने स्क्रीनकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ह्यो फोटो भरतीचो की सुकतीचो?"

सुकती म्हणजे ओहोटी. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. किनाऱ्यावर करोडो रुपयांचे बंधारे बांधले जातात. ते चालले की फसले, हे ठरवायचं कसं? आणि त्यात आपल्या हातातल्या फोनचा काही उपयोग आहे का? आहे. पण मी केली ती चूक आधी टाळायला हवी.

आधी प्रश्न ठरवा: काय वाचवायचं होतं?

मामाच्या गावात बंधाऱ्यावरून दोन गट आहेत. एक म्हणतो, काम झालं. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले. गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. हे प्रश्न एकूण चार आहेत:

१. रचना स्वतः टिकली का? दगड जागेवर आहेत का?
२. तिच्या मागची जमीन, घरं, रस्ता वाचला का?
३. तिच्या पुढची वाळू वाचली का?
४. शेजारच्या किनाऱ्याचं काय झालं?

दगडी बंधारा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नासाठी बांधलेला असतो. तो जमिनीची रेषा धरून ठेवतो, वाळू तयार करत नाही. समुद्र मुळातच आत सरकत असेल, तर भिंत जागेवर राहते आणि पाणी पुढे येत राहतं. मग मधली वाळूची पट्टी अरुंद होत होत संपते. मामाच्या दारात नेमकं हेच झालं असावं.

याचं मोठं उदाहरण म्हणजे पुदुच्चेरी. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी लाटा अडवणाऱ्या दगडी भिंती समुद्रात बांधल्या. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती वाट अडली. बंदराच्या दक्षिणेला वाळू साचली आणि उत्तरेला, म्हणजे शहरासमोर, बीच गायब झाला. शहर वाचवायला दगडांची भिंत मजबूत केली. शहर वाचलंही. पण धूप थांबली नाही, ती भिंतीच्या टोकापासून पुढे उत्तरेकडच्या मच्छीमार गावांकडे सरकली. म्हणजे दुसऱ्या प्रश्नात पास, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात नापास.

नंतर राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे वेगळा उपाय केला. २०१८ मध्ये पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी रीफ बसवली आणि बंदरातून उपसलेली वाळूही किनाऱ्यावर टाकली. रीफवर लाटेचा जोर मोडतो आणि मागच्या शांत पाण्यात वाळू बसते. काही महिन्यांतच शहरासमोर पुन्हा वाळू दिसायला लागली. म्हणून कोणी "हा बंधारा यशस्वी आहे" असं म्हणालं, की पहिला प्रश्न विचारायचा: कशात यशस्वी?

दगडांची तब्येत कशी बघायची?

चारपैकी पहिला प्रश्न डोळ्यांनी तपासता येतो.

दगड किती जड असावा, हे लाटेच्या उंचीवर ठरतं. इंजिनिअर लोक यासाठी हडसनचं सूत्र वापरतात. त्यात दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. साध्या भाषेत सांगायचं तर लाट दुप्पट उंच झाली, की दगड आठपट जड लागतो. एवढे मोठे दगड मिळत नाहीत तिथे काँक्रीटचे ठोकळे येतात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर दिसणारे चार पायांचे टेट्रापॉड त्यातलेच. ते १९५०च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाले. त्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि मधल्या पोकळ्यांत लाटेचा जोर जिरतो.

थोडे दगड हलणं यात नॉर्मल आहे. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाच्या जुन्या, जगभर वापरल्या गेलेल्या मॅन्युअलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत दगड हलले तरी ते 'नुकसान नाही' याच खात्यात धरलंय. त्यामुळे दोन दगड घसरलेले दिसले म्हणून लगेच रील करू नका. खरी धोक्याची चिन्हं वेगळी आहेत:

• पायथा: भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याशी वाळू खणते. पायथा पोकळ झाला की वरचे दगड आपोआप खाली येतात. अनेक बंधारे खालून मरतात.

• माथा: काही ठिकाणी बंधारा खचून त्याची उंची कमी झाली का? तसं झालं की उधाणात पाणी वरून उडी मारतं आणि मागची माती धुऊन नेतं.

• मागची बाजू: बंधाऱ्यामागे जमिनीत खड्डे पडतायत? दगडांखाली जिओटेक्स्टाईल नावाचं गाळणीसारखं कापड अंथरायचं असतं. ते नसेल किंवा फाटलं असेल, तर माती दगडांच्या फटींतून समुद्रात जाते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून जमीन रिकामी होत असते.

• टोकं: भिंत जिथे संपते, तिथे किनारा आत वळून खाल्ला गेलाय का?

काही ठिकाणी दगडांऐवजी जिओट्यूब असतात, म्हणजे वाळू भरलेल्या मोठ्या कापडी नळ्या. त्यांचे शत्रू म्हणजे ऊन, नांगर आणि धारदार वस्तू. एक मोठा चिरा पडला की आतली वाळू निघून जाते आणि ट्यूब बसते.

सॅटेलाईटवर सगळं दिसतं... जवळजवळ

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी वरून बघावं लागतं. लँडसॅट उपग्रहांच्या १९८४पासूनच्या इमेजेस फुकट मिळतात. त्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. २०१५पासून युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेत हाच पिक्सेल १० मीटरवर आला. मालिकेतले दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचा फोटो देतात. हे सगळं कोपर्निकस ब्राउझरवर फोनमधूनही बघता येतं.

आता हिशेब करा. समजा किनारा दरवर्षी १ मीटर मागे जातोय. पाच वर्षांत गेले ५ मीटर, म्हणजे सेंटिनेलचा अर्धा पिक्सेल. दोन इमेजेस शेजारी ठेवून हे कळणारच नाही. त्यात भर भरती-ओहोटीची. समजा भरती आणि ओहोटीच्या पातळीत २ मीटरचा फरक आहे आणि किनाऱ्याचा उतार २० मीटरला १ मीटर असा मंद आहे. मग एकाच दिवसात पाण्याची रेषा ४० मीटर पुढे-मागे होते! माझे 'गेलेले तीस मीटर' कुठून आले असतील, ते कळलं ना?

ऋतूचाही सापळा आहे. कोकणात पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली ठेवतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला, की त्यातली बरीच वाळू हळूहळू परत येते. एप्रिलचा फोटो आणि सप्टेंबरचा फोटो यांची तुलना म्हणजे जेवणाआधी आणि जेवणानंतर वजन करण्यासारखं. आणि खरी धूप होते त्या पावसाळ्यात आकाशात ढग असतात, साध्या सॅटेलाईट फोटोत खाली काहीच दिसत नाही. तेव्हा ढगांच्या आरपार बघणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची मदत घ्यावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे दोन फोटोंवर विसंबायचं नाही, शेकडो बघायचे. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं कोस्टसॅट हे फुकट सॉफ्टवेअर हेच करतं. ते वर्षानुवर्षांच्या इमेजेसमधून पाण्याची रेषा काढतं आणि भरतीचा हिशेब करून तिची पातळी जुळवायची सोय त्यात आहे. मग उरतो तो कल. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळासाठी देशभराचा असा अभ्यास केला. त्यात देशाच्या सुमारे एक तृतीयांश किनाऱ्यावर धूप दिसली. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे, तर केरळमध्ये ४६ टक्क्यांच्या आसपास.

बंधारा नसता तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. बंधारा बांधल्यावर पाच वर्षं किनारा हलला नाही, म्हणजे श्रेय बंधाऱ्याचं? असेलही. किंवा त्या पाच वर्षांत मोठं वादळच आलं नसेल. उलट बंधाऱ्यानंतरही वाळू गेली, तर दोष बंधाऱ्याचा? की ती आधीपासूनच जात होती?

त्यासाठी दोन तुलना लागतात. एक म्हणजे बांधण्याच्या आधीची काही वर्षं. दुसरी म्हणजे जवळचाच, तशाच लाटा खाणारा, पण बंधारा नसलेला किनारा. दोन्हीकडे वाळू सारखीच गेली असेल, तर कारण कुठेतरी बाहेर आहे. फक्त बंधाऱ्याच्या टोकापलीकडेच गेली असेल, तर संशय बंधाऱ्यावर.

नेदरलँड्समध्ये १९६५पासून दरवर्षी ठरावीक रेषांवर किनारा मोजतात. १९९०ची किनारारेषा त्यांनी संदर्भ म्हणून धरली आणि किनारा तिच्या मागे गेला की वाळू टाकतात. तिथे 'चाललं की फसलं' यावर भांडण कमी, कारण आधीचा आकडा हातात असतो. आपल्या गावांत नेमकं हेच नसतं. बंधारा बांधतात, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि आधीचा किनारा फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत राहतो.

मग फोनने करायचं काय?

जीपीएसचा शिक्का मारणारी कॅमेरा ॲप्स बहुतेकांकडे असतात. सरकारी कामांच्या फोटोंवरही तो शिक्का दिसतो. पण मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस साधारण ५ मीटर इकडे-तिकडे होतं, त्यामुळे त्याने धूप मोजू नका. त्यापेक्षा जागा पक्की करा. ऑस्ट्रेलियातच २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोस्टस्नॅप उपक्रमात किनाऱ्यावर फोन ठेवायची एक खाच बसवतात. कोणीही आलं तरी फोटो एकाच कोनातून निघतो. आपण देवळाचा कठडा किंवा एखादा पक्का खांब वापरू शकतो.

वेळेसाठी मामाचं ॲप वापरा, नेट लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी असतो. म्हणून माझा नियम असा:

• दर शुद्ध अष्टमीला दुपारी बाराला, त्याच जागेवरून, झूम न करता फोटो.
• फ्रेममध्ये न हलणाऱ्या दोन खुणा हव्यात, उदाहरणार्थ देऊळ आणि विजेचा खांब.
• एक फोटो बंधाऱ्याचा, एक त्याच्या टोकाचा, एक बंधारा नसलेल्या किनाऱ्याचा.
• मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि तारीख-जागेची माहितीही जाते.
• तुलना करताना जानेवारीची जानेवारीशीच.

आणि उधाणात दगडांवर चढू नका. शेवाळ असतं, पाय घसरला की दोन दगडांच्या मधून बाहेर येणं कठीण होतं. पावसाळ्यात फोटो लांबूनच.

मामाच्या शेजारचा अकरावीतला मुलगा आता हे फोटो काढतो आणि मला पाठवतो. अजून वर्षही झालं नाही, त्यामुळे बंधारा चालतोय की नाही, हे मी सांगणार नाही. पण शेजारच्या वाडीतही बंधारा हवा अशी मागणी आहे. तिथे अजून पुळण आहे, रापणही लागते. त्या मुलाला सांगितलंय, पुढच्या अष्टमीपासून एक फोटो तिथलाही काढ. उद्या ग्रामसभेत प्रश्न आला, तर त्या वाडीकडे निदान आधीचा फोटो असेल.