तैपेई १०१ मधला ६६० टनांचा गोळा नेमका काय करतो?

तैवानच्या तैपेई १०१ टॉवरमधला मोठा सोनेरी गोळा तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच. "हा गोळा भूकंपापासून इमारत वाचवतो" असं त्यावर हमखास लिहिलेलं असतं. मला हे अर्धंच बरोबर वाटतं. चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी थोडी माहिती

खाली मॉल, वर ऑफिसेस, १०१ मजले आणि ५०८ मीटर उंची. २००४ च्या शेवटी सुरू झालेली ही इमारत २०१० मध्ये बुर्ज खलिफा येईपर्यंत जगात सर्वात उंच होती. तैवानमध्ये चक्रीवादळं येतात आणि भूकंपही होतात. म्हणजे दुहेरी संकट!

गोळ्याचं काम

वाऱ्याने उंच इमारत एका ठरावीक लयीत डोलते. वरच्या मजल्यांवर बसलेल्यांना अक्षरशः बोट लागल्यासारखं होतं. म्हणून ९२ व्या मजल्यापासून जाड केबल्सवर हा ५.५ मीटर व्यासाचा गोळा लटकवलाय. त्याची लय इमारतीच्या लयीशी जुळवलेली आहे. इमारत एका बाजूला गेली की जड गोळा मागे राहतो आणि तिला उलट ओढतो. खालचे हायड्रॉलिक डॅम्पर बाईकच्या शॉकअपसारखे ती ऊर्जा जिरवतात.

तुमच्या फोनमधलं ओआयएस आठवतंय? हात हलला की लेन्स उलट दिशेला सरकते. कल्पना तशीच. फरक इतकाच की फोनमध्ये सेन्सर आणि मोटर लागते, इथे काम फक्त वजनावर चालतं. ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात हा गोळा तब्बल १ मीटर सरकला होता.

मग भूकंपाचं काय?

तिथे खरी भिस्त सांगाड्यावर आहे: जमिनीत खोलवर गेलेले ३८० पाइल्स आणि काँक्रीट भरलेले ८ महाकाय स्टीलचे खांब. ३१ मार्च २००२ च्या भूकंपात बांधकामावरच्या क्रेन कोसळून ५ जणांचा जीव गेला, पण सांगाडा टिकला. तेव्हा इमारत अजून अर्धवटच होती. म्हणून मी म्हणतो, सगळं श्रेय गोळ्याला देऊ नका.

तुमच्या खिशातला सेन्सर

स्क्रीन फिरवणारा ॲक्सेलरोमीटर भूकंपाचे पहिले हादरेही ओळखतो. एकाच भागातल्या अनेक स्थिर फोन्सनी एकाच वेळी तसा सिग्नल पाठवला की गूगल आसपासच्या लोकांना अलर्ट देतं. ही सोय भारतात २०२३ पासून आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त जाऊन 'अर्थक्वेक अलर्ट्स' चालू आहे का बघा. लोकेशन आणि इंटरनेटही चालू हवं.

अलर्ट आला तर हातात काही सेकंदच असतात. लिफ्टकडे पळू नका, व्हिडिओ काढत बसू नका. मजबूत टेबलाखाली जा, डोकं झाका. घरच्यांच्या फोनमध्येही हे सेटिंग आजच तपासा.