गणवेशावरचे हसू

१९३० मध्ये कारेल लामाच या दिग्दर्शकाने 'त्से आ का पोल्नी मर्शालेक', म्हणजे 'शाही फील्ड मार्शल', हा चेक बोलपट काढला. व्लास्ता बुरियन या विनोदी नटाने रंगवलेला निवृत्त कॅप्टन फील्ड मार्शलचा गणवेश चढवतो आणि सारी छावणी त्याला खरा मार्शल समजून सलाम ठोकते. जोडीला तरुण लेफ्टनंटचे प्रेमप्रकरण. छावणी, प्रेम आणि गाणी यांचा मेळ पुढे चेक पडद्यावर चांगलाच रुजला.

हसू होते ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेवर. ते साम्राज्य १९१८ मध्येच कोसळले होते. पहिल्या महायुद्धात त्याच फौजेत लाखो चेक तरुण सक्तीने ओढले गेले होते, त्यातले कितीतरी परतले नाहीत. तरीही बारा वर्षांत लोक हसू शकले, कारण गणवेश व्हिएन्नाच्या बादशहाचा असला तरी आतला देह घरच्या पोराचा होता. यारोस्लाव हाशेकचा श्वेक हा शिपाईही असाच घरचा.

मराठीत गणवेशाची टिंगल आहे, पण ती हवालदार-कोतवालाची. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) मध्ये मैनावतीच्या मोहात पडलेला कोतवाल आणि दादा कोंडक्यांचा हवालदार आहे. पुढे 'पांडू हवालदार' (१९७५) आला. प्रेम, गाणी, वर्दी, सगळे चेक बोलपटासारखेच. फरक इतकाच की, ही वर्दी चालू राज्याची.

गेलेल्या राज्याच्या वर्दीचे काय? धाराशिवहून नळदुर्गकडे जाताना हा प्रश्न मला नेहमी पडतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य याच नळदुर्गवरून निजामी मुलखात शिरले. १७ तारखेला निजामाची राजवट संपली. पण रझाकारांवर हसणारा एकही मराठी बोलपट माझ्या पाहण्यात नाही.

मला कारण असे दिसते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे तो गणवेश दूरच्या बादशहाचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. आणि फौज आल्यानंतर जे घडले, त्याची सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. तेव्हा मारले गेलेले मुसलमानही शेजारीच होते. चेकांना हसायला एक परका बादशहा मिळाला. आम्हाला तो मिळाला नाही.

विनोदाआधी साक्ष व्हावी लागते. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या आठवणी अजून घराच्या आत, हलक्या आवाजात सांगितल्या जातात. त्या एकदा ओट्यावर आल्या, तर एखादा सोंगाड्या तो गणवेश चढवून बोर्डावर उभा राहील, आणि समोर दोघेही शेजारी बसलेले असतील.