‘बदललो’ म्हणणाऱ्यांचं नेमकं काय बदललं?

मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे कळलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो तो औषधाचा. कुणी चिडून विचारतं, कुणी रडवेल्या आवाजात. पण डॉक्टर यावर काही करू शकतील का, हेच सगळ्यांना हवं असतं. याचं उत्तर आडवळणं न घेता द्यायला हवं. लैंगिक कल बदलून देणारा कोणताही उपचार आजवर सिद्ध झालेला नाही.

तीन वेगळ्या गोष्टी

आपल्याला आतून कोणाची ओढ वाटते, हा कल. आपण काय करतो, हे वागणं. आणि आपण स्वतःला काय म्हणवतो, ती ओळख. वागणं दाबता येतं, ओळख लपवता येते. बदलाच्या बहुतेक दाव्यांत या दोहोंपैकी काहीतरी बदललेलं असतं आणि कल बदलला असं सांगितलं जातं. ब्रिटनमध्ये १९५२ साली गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरवून तुरुंगाऐवजी हार्मोन्सची इंजेक्शनं घ्यायला लावली गेली. अशा इंजेक्शनांनी कामेच्छा मंदावते; ती कोणाबद्दल वाटते, ते तेच राहतं. पुढे तिथल्या काही रुग्णालयांत पुरुषांना पुरुषांचीच छायाचित्रं दाखवून विजेचे झटके दिले जात, नाहीतर उलटीचं औषध टोचलं जाई. त्यातून कल बदलला नाही. अनेकांना आयुष्यभराची धास्ती आणि शरम मात्र मिळाली.

स्पिट्झर यांचा अभ्यास

बदल होतो असं मानणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार होता रॉबर्ट स्पिट्झर यांचा निबंध. हे नाव साधंसुधं नव्हतं. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यात स्पिट्झर यांचाच पुढाकार होता. त्याच माणसानं २००३ साली लिहिलं की काही अत्यंत प्रेरित लोकांचा कल बदलू शकतो, तेव्हा खळबळ उडणारच.

अभ्यास केला होता कसा? १४३ पुरुष आणि ५७ स्त्रिया अशा २०० जणांशी फोनवर, साधारण पाऊण तास बोलून. यातले बरेच जण ‘समलैंगिकतेतून बाहेर पडा’ असं सांगणाऱ्या धार्मिक गटांतून आणि तसे उपचार करणाऱ्यांकडून आलेले. काही जण तर स्वतःच हा प्रचार करणारे. उपचार न घेतलेल्यांशी तुलना नाही, आधी कसे होतो आणि आता कसे आहोत हे सगळं त्यांच्याच आठवणीतून आलेलं. लोक खरं बोलत आहेत का, की स्वतःचीच समजूत घालत आहेत, हे तपासायची काही सोयच नव्हती. २०१२ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, स्पिट्झर यांनी हे जाहीरपणे कबूल केलं आणि समलिंगी समाजाची माफी मागितली. एवढ्या उतारवयात आपलंच काम चुकलं म्हणायला मोठं मन लागतं. खंत एवढीच, की मधल्या नऊ वर्षांत त्या निबंधावर विसंबून किती जण अशा उपचारांकडे गेले असतील!

पुढच्याच वर्षी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही १९७६ पासून कल बदलण्याचा प्रचार करणारी अमेरिकन ख्रिस्ती संघटना बंद झाली. आपल्याला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचा कल बदललाच नाही, असं तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी सांगून टाकलं होतं.

आपोआप बदलतो त्याचं काय?

काहींची ओढ आयुष्यात बदलते, हेही खरं. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी काही स्त्रियांचा दहा वर्षं मागोवा घेऊन हे दाखवलं. पण तो बदल कुणी ठरवून घडवलेला नव्हता. ‘बघा, बदलतो ना!’ म्हणत या संशोधनाचा आधार घेणाऱ्यांना डायमंड यांनी स्वतःच विरोध केला आहे.

‘लग्न लावून द्या’

आपल्याकडे विजेच्या झटक्यांपेक्षा हा उपाय अधिक चालतो. ‘एकदा लग्न झालं की येईल रुळावर.’ मुलगा दडपणाखाली बोहल्यावर चढतो, आणि ज्या मुलीला कुणी काही सांगितलेलंच नसतं ती वर्षानुवर्षं आपल्यातच काही कमी आहे का, म्हणून झुरत राहते. हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे. मुंबईतील हमसफर ट्रस्टसारख्या संस्था समलिंगी व्यक्तींसाठी काम करतात. लग्नाची बोलणी सुरू करण्याआधी पालकांनी अशा ठिकाणी जाऊन बोलावं.

भारतातले नियम

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यातूनच २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलण्याचे उपचार, हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे एखादा नोंदणीकृत डॉक्टर असे उपचार करत असेल, तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र आयोगाचा हा नियम डॉक्टरांपुरताच आहे. अंगारा देणारा बुवा किंवा स्वतःला समुपदेशक म्हणवणारा कुणीही त्याच्या कक्षेत येत नाही, आणि त्यांना आवरणारा वेगळा केंद्रीय कायदा संसदेनं केलेला नाही.