मेलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार कोण नोंदवणार?

दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या २०२२ च्या व्यापार मेळ्यातला तो स्टॉल तेव्हा प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर येऊन गेला होता. सजवलेली तिरडी, मागे कंपनीची पाटी आणि ३७,५०० रुपयांत सभासदत्व. भटजी, न्हावी, खांदेकरी, 'राम नाम सत्य है' म्हणणारी माणसं, अस्थिविसर्जन, सगळं कंपनी बघणार. 'सुखांत' नावाची ही कंपनी मुंबईची, म्हणजे आपल्याच राज्यातली. त्यावर विनोद करून झाले, 'काय दिवस आले' असं म्हणूनही झालं. पण साठीतल्या माणसाने आज भरलेले पैसे तो पंच्याऐंशीव्या वर्षी जाईपर्यंत कुठे राहणार आणि त्या दिवशी त्यांचा हिशेब कोण मागणार, हे फारसं कुणी विचारलं नाही.

'सुखांत'वर माझा काही राग नाही. मुलं परदेशात आणि आईबाप दादर-कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, अशा घरांची ती खरी गरज आहे. शिवाय ही कंपनी नाव-पत्त्यासह भर मेळ्यात बसली. मला धास्ती आहे ती तिची नक्कल करणाऱ्यांची. ते स्टॉल लावणार नाहीत, मोटारसायकलवरून येतील. आणि येतील ते कोहमाऱ्यासारख्या ठिकाणी.

कोहमारा म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचा, गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातला चौक. एक रस्ता गोरेगाववरून गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधकडे. नागपूर-रायपूरच्या गाड्या इथे थांबतात आणि आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस बाहेर पडतो तो इथूनच. इथले महत्त्वाचे दिवस धान चुरण्याचे. आधारभूत खरेदी केंद्रावर धान गेलं की चुकारे खात्यात पडतात. त्याच दिवसांत गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. वर्षातून एकदाच हातात जरा मोकळा पैसा येतो तो या दोन महिन्यांत, आणि हे वेळापत्रक एजंट लोकांना आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं.

या भागात मयत झालं तर पॅकेजवाचून कुणाचं अडत नाही. निरोप जातो, दोघं बांबू तोडायला निघतात, कुणी घरून लाकडं देतो, कुणी निस्तारच्या लाकडाची सोय बघतो, न्हावी येतो, गाव मोक्षधामापर्यंत चालत जातं. गोंड घरांत पुरण्याची रीत जुनी, बौद्ध घरांत वंदना, पोवार-कुणब्यांकडे तेरवी. चितेपायी इथे कुणी कर्जबाजारी होत नाही, तेरवीच्या जेवणापायी होतो. दुसरा मोठा खर्च म्हणजे नागपूरच्या मेडिकल रुग्णालयातून प्रेत गावी आणण्याचा. मध्यरात्री सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, दारात उभी असलेली खासगी गाडी आणि तिचा मालक सांगेल तो दर. हुशार एजंट हेच दोन खर्च विकेल. 'मामाजी, पोरं हैदराबादेत. वेळ आली तर गाडी कोण करणार? तेरवीला कोण उभं राहणार?' या बोलण्यात खोटं काहीच नाही, म्हणून तर ते खपतं.

आणि हा एजंट परका नसतो. भाच्याच्या लग्नात भेटलेला असतो, बचत गटातल्या ताईंचा दीर असतो. पर्ल्सची गोष्ट आठवा. पीएसीएल नावाच्या त्या कंपनीने जमिनीच्या नावावर देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून जवळपास ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. गिऱ्हाइकाने जमीन कधी पाहिलेलीच नव्हती. पावती मात्र होती आणि ती आणून देणारा ओळखीचा होता. २०१४ मध्ये सेबीने पैसे परत करायला सांगितलं, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोढा समिती नेमली. वर बसलेल्यांवर खटले चालले. गावात शिव्या खाल्ल्या त्या एजंटने, कारण दार त्याचंच माहीत होतं. अशा अनेक एजंटांनी स्वतःच्या सासूचे पैसेही तिथेच गुंतवले होते.

विम्याचा एजंट व्हायला परीक्षा द्यावी लागते. त्याची नोंद असते, पॉलिसी पटली नाही तर ठरलेल्या मुदतीत परत करता येते, आणि कंपनीच्या मागे विमा नियामक बसलेला असतो. आगाऊ अंत्यसंस्कार विकणाऱ्याला यातलं काहीही लागू नाही. त्याने दिलेला कागद विमा नाही, कारण मरणानंतर पैसे मिळणार नसतात, सेवा मिळणार असते. जीएसटीच्या कायद्याने तर अंत्यसंस्कार, दफन, स्मशान, शवागार आणि प्रेत वाहून नेणं या सेवा तिसऱ्या अनुसूचीत टाकून कराच्या बाहेरच ठेवल्या आहेत. भावना चांगली आहे. पण कर नाही म्हणजे करखात्याची नजरही नाही.

खरी गंमत कंपनी कायद्यात आहे. २०१४ च्या ठेवींविषयीच्या नियमांप्रमाणे, कंपनीने सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम ठेव मानली जाऊ नये असं वाटत असेल, तर ती सेवा ३६५ दिवसांच्या आत पुरवायला हवी. आता अंत्यसंस्काराच्या गिऱ्हाइकाने काय करावं? कंपनीचा ताळेबंद नीट राहावा म्हणून वर्षाच्या आत जायचं? उलट २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याच्या व्याख्येत 'ठरावीक सेवेच्या रूपात' परत करायचा पैसाही ठेवीतच येतो. म्हणजे वकील दोन्ही बाजूंनी तासन् तास बोलू शकतात. पण हे कायदे पैसा बुडाल्यावर हातात येतात. तोवर भरणारा मोक्षधामात पोचलेला असतो आणि त्याने पैसे भरले होते हे घरच्यांना माहीतच नसतं. वाईट टीव्ही विकणाऱ्याशी गिऱ्हाईक भांडतं. या धंद्यात माल पोचवायच्या वेळी गिऱ्हाईक हजर नसतं, म्हणून इथे विकणाऱ्याला दारावर येण्याआधीच अडवून तपासायला हवं.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसची 'नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस' ही कंपनी अंत्यसंस्काराचे करार आगाऊ विकायची. लोकांच्या पैशातून विमा पॉलिसी काढायच्या आणि मग त्याच पॉलिसींवर कर्ज उचलायचं, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. २००८ मध्ये कंपनी कोसळली. अनेक राज्यांतले सुमारे ९७ हजार लोक आणि ४५ कोटी डॉलरच्या वरचं नुकसान. कर्त्याधर्त्याला २०१३ मध्ये साडेनऊ वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. २००९ मध्ये मिझुरीने कायदा बदलला. सेवा देणारा वेगळा, करार विकणारा वेगळा आणि दारोदार फिरणारा एजंट वेगळा, अशा तिघांनाही राज्याच्या मंडळाकडे परवाना किंवा नोंदणी सक्तीची झाली. मला यातली तिसरी पायरी महत्त्वाची वाटते. एजंटचं नाव सरकारी वहीत आलं की उद्या त्याला 'मी फक्त फॉर्म भरायचो' असं म्हणता येत नाही.

या विषयावर एका बाईंना विसरून चालणार नाही. जेसिका मिटफर्ड. इंग्लंडच्या उमराव घराण्यात जन्मलेल्या, पुढे कम्युनिस्ट झालेल्या आणि कॅलिफोर्नियात ओकलंडला स्थायिक झालेल्या. त्यांचे पती रॉबर्ट ट्रूहाफ्ट कामगार संघटनांचे वकील. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. संघटनेचा सभासद गेला की कुटुंबाला काही रक्कम मिळायची आणि अंत्यसंस्कारवाल्याचं बिल नेमकं तेवढंच व्हायचं. रक्कम वाढली की बिलही वाढायचं. या माहितीतून मिटफर्डबाईंनी १९६३ मध्ये 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक लिहिलं. ते प्रचंड खपलं, धंदेवाल्यांनी त्यांना शिव्याशाप दिले, आणि १९८४ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम लागू झाला, की प्रत्येक वस्तूचा दर गिऱ्हाइकाला वेगवेगळा सांगावा. १९९६ मध्ये बाई गेल्या. स्वतःचे अंत्यसंस्कार त्यांनी अगदी स्वस्तात उरकायला लावले. पुस्तकाची सुधारित आवृत्ती १९९८ मध्ये आली.

ट्रूहाफ्टांचं निरीक्षण मला गोंदिया जिल्ह्यासाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे या रकमा आधीच ठरलेल्या आहेत. नोंदणीकृत बांधकाम कामगार पन्नाशी ते साठीच्या दरम्यान गेला तर मंडळाकडून अंत्यविधीसाठी १०,००० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेतला कामगार गेला तर १५,०००. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर कुटुंब लाभ योजनेचे २०,०००. जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता २०२२ मध्ये ३३० वरून ४३६ रुपये झाला, पण वारसाला मिळतात दोन लाख. पॅकेज विकणाऱ्याला बाजाराचा अभ्यास करायची गरजच नाही, शासन निर्णय वाचला तरी पुरे. पॅकेजचे दर १०, १५ आणि २० हजार असे निघाले तर मला जराही नवल वाटणार नाही.

ब्रिटनचं उदाहरण २०२२ चं आहे. तिथे 'सेफ हॅंड्स' नावाची अंत्यसंस्कार योजना त्या वर्षी मार्चमध्ये बुडाली. सुमारे ४६ हजार लोकांचे पैसे त्यात होते. २९ जुलैपासून अशा सगळ्या योजना तिथल्या वित्तीय नियामकाच्या ताब्यात गेल्या. नियामकाने दोन गोष्टी थेट बंद केल्या. अनोळखी माणसाला फोन करून योजना विकणं आणि मध्यस्थाला कमिशन देणं. दुसरी बंदी वाचून आपल्याकडचे एजंट हसतील. पण विकणाऱ्याचं पोट कमिशनवर असलं की तो म्हाताऱ्याला चहा प्यायलाही वेळ देत नाही. जपानने तर १९७२ मध्येच तिथल्या 'गोजोकाई' या हप्तेवाल्या संस्थांना परवाना लावला आणि घेतलेल्या आगाऊ पैशातला निम्मा सुरक्षित ठेवणं बंधनकारक केलं. निम्माच का, हा प्रश्न मला पडतो. मी सगळाच ठेवायला लावला असता.

महाराष्ट्राला हे करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतली दहावी नोंद आहे 'दफन आणि दफनभूमी. दहन आणि दहनभूमी'. विषय राज्याचा आहे. कायदा दोन-चार पानांचा पुरे. पैसा कंपनीच्या खात्यात न जाता बॅंकेतल्या वेगळ्या विश्वस्त खात्यात जावा. एजंटची नोंद तहसीलला असावी आणि त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तो क्रमांक असावा. करारात काय काय मिळणार ते मराठीत, एकेका ओळीत लिहिलेलं असावं. गोंडाघरी दहनाचं साहित्य आणि बौद्धाघरी भटजी, असला घोळ नको. कराराची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या सहीनिशी त्याच्याकडे राहावी. ही शेवटची अट सोडून बाकी सगळ्यांवर मी वाटाघाट करायला तयार आहे.

परवान्याने लाचखोरी वाढेल, आणखी एक बाबू बसेल, असं कुणी म्हणेल. बसू दे. पर्ल्सच्या काळात तो बाबूही नव्हता, तेव्हा काय झालं ते गावागावात विचारा.

असा कायदा होईपर्यंत कोहमाऱ्याच्या चौकात कुणी हा फॉर्म पुढे केला, तर सही करू नका. तेरवीची आणि नागपूरच्या गाडीची काळजी असेल तर धानाच्या चुकाऱ्यातली तेवढी रक्कम पोस्टात दोन नावांच्या खात्यात टाका आणि पासबुक कुठे ठेवलंय ते सुनेला दाखवून ठेवा.