फोनच्या पोटातली नक्षी आणि दीडशे रुपयांचं स्टिकर

आम्ही शिर्डीहून बोलतोय, बचत गटाच्या बायका.

गुरुपौर्णिमेच्या आधी आमच्या बैठकीत एक माणूस आला, चकचकीत सोनेरी स्टिकरं घेऊन. म्हणाला, "नव्या मोबाइलमध्ये फ्रॅक्टल अँटेना असतो. त्याला जितके वळसे जास्त, तितके किरण जास्त. घरात गरोदर बाई असेल तर विचारूच नका." आमच्यातल्या एका ताईंची सून सातव्या महिन्यात होती. मग काय, बारा जणींनी दीड-दीडशे मोजले. हारफुलं विकून मिळवलेले पैसे हो! नंतर मन खाऊ लागलं, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना आम्ही विचारलं.

अँटेना म्हणजे हवेत लाटा सोडणारी आणि हवेतल्या लाटा पकडणारी धातूची पट्टी. तिची लांबी लाटेच्या लांबीशी जुळावी लागते. मोबाइलची 900 मेगाहर्ट्झची लाट सुमारे 33 सेंटीमीटर. तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे आठेक सेंटीमीटर पट्टी हवी. म्हणून तर जुन्या फोनला वर दांडी असायची. आता नऊवारी आठवा. एवढं लांब लुगडं अंगावर बसतं ते निऱ्यांमुळे. फ्रॅक्टलची युक्ती तीच. एका आकारावर तोच आकार लहान करून, त्यावर आणखी लहान, जशी रांगोळी भरत जावी. थोड्या जागेत लांब पट्टी मावते आणि एकच अँटेना वेगवेगळ्या लांबीच्या लाटांवर चालतो. 1988 च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनला नॅथन कोहेन या खगोलशास्त्रज्ञानं असा अँटेना केला, कारण घरमालक बाहेर अँटेना लावू देत नव्हता. भाडेकरूंचे हाल सगळीकडे सारखेच!

सगळ्याच फोनमध्ये तो असतो असंही नाही. आणि असला तरी निऱ्या घातल्या म्हणून लुगडं वाढत नाही. अँटेना स्वतः शक्ती तयार करत नाही. फोन जेवढी देतो तेवढीच तो बाहेर सोडतो. आकारामुळे फार तर ती कोणत्या बाजूला जास्त जाईल ते बदलतं. 4जी फोनची शक्ती साधारण 0.2 वॅटच्या वर जात नाही. शरीरात किती शिरते त्याची भारतातली मर्यादा किलोला 1.6 वॅट आहे, आत नक्षी कसलीही असो. आपल्या फोनचा आकडा पाहायचा तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बऱ्याच फोनवर दिसतो.

या लाटा एक्स-रेसारख्या नाहीत. त्यांचा पक्का माहीत असलेला परिणाम म्हणजे थोडी ऊब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्ये त्यांना 'कदाचित' कर्करोग करू शकतील अशा यादीत घातलं. पुरावा अपुरा आहे, पण शंका मिटलेली नाही. म्हणून घाबरायचं नाही, आणि तासन्तास फोन कानाला चिकटवूनही बसायचं नाही.

स्टिकरचं म्हणाल तर, त्यानं लाटा अडवल्या नाहीत तर पैसे पाण्यात. खरंच अडवल्या तर आणखी वाईट, कारण टॉवर नीट सापडला नाही की फोन जास्त जोर लावतो.

हा जोर आमच्या पापडाच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज लागत होता, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आत रेंजची एकच काडी. चुलीपासून दोन पावलं मागे सरलं की झळ कमी लागते ना, तसंच इथंही. फोन कानापासून लांब ठेवून स्पीकरवर बोलायचं, नाहीतर बाहेर यायचं. आता त्या ताईंची सून माहेरचा फोन आला की ओट्यावर जाऊन बोलते. स्टिकर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं खरवडून काढलं. डिंक मात्र अजून निघालेला नाही.