एका दमडीची मशीद

रमजानच्या दिवसांत या शहराला पहाटेच जाग येते. झेंडीगेट, मुकुंदनगर भागातल्या घरांत सहेरीसाठी दिवे लागतात, चहा उकळतो, घाईघाईने भाकरी-सालन होते आणि फजरच्या अजानपूर्वी रोजा सुरू होतो. संध्याकाळी त्याच गल्ल्यांत खजूर, कलिंगड आणि भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते. गाडीवर भजी घेणारा प्रत्येक जण रोजेदार असतोच असे नाही. रमजानची संध्याकाळ ही साऱ्या गावाचीच असते.

सरकारदरबारी 2024 पासून शहराचे नाव अहिल्यानगर आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्यादेवींचे हे नाव. त्यापूर्वी पाच शतके शहराला संस्थापक अहमद निजामशहाचे नाव होते. लोकांच्या जिभेवर मात्र तेव्हाही 'नगर'च होते आणि आजही 'नगर'च आहे.

नगरला येणारा पाहुणा सहसा भुईकोट किल्ला विचारतो, मग डोंगरावरचा चांदबिबी महाल. किल्ल्यापासून जवळच, जुन्या कबरस्तानात उभी असलेली एक छोटी दगडी इमारत फारसे कोणी विचारत नाही. तिचे नाव दमडी मशीद. रमजानच्या महिन्यात नगर पाहायचे, तर सुरुवात इथूनच करावी.

मजुरांची वर्गणी

मशीद 1567 च्या सुमाराची. बांधणाऱ्याचे नाव साहिरखान असे सांगितले जाते. आकाराने ती एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्याएवढी. पण दगडावरचे बारीक कोरीव काम असे की सुताराने लाकडात केल्यासारखे वाटावे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केली आहे.

नाव 'दमडी' का, याची कथा नगरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. किल्ल्याचे दगडी काम चालू होते. त्यावर राबणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एक-एक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही मशीद उभी राहिली. कागदोपत्री पुरावा नसलेली ही आख्यायिका आहे. पण तारखा तिच्या विरोधात जात नाहीत. हुसेन निजामशहाने मातीचा जुना कोट पाडून दगडी किल्ला बांधायला घेतला तो 1559 च्या सुमारास, आणि मशीद त्यानंतर काही वर्षांनी पुरी झाली.

दमडी म्हणजे किती, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. जुन्या हिशेबात चार दमड्यांचा एक पैसा आणि चौसष्ट पैशांचा रुपया. म्हणजे रुपयाचा 256 वा भाग. त्याहून लहान नाणे हिशेबात नव्हते म्हटले तरी चालेल. म्हणून तर मराठीत 'दमडीची किंमत नाही' आणि 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असे म्हणतात. नगरच्या मजुरांनी या म्हणी उलट्या केल्या. अंगमेहनतीने चमडी सोलवटत होती आणि दमडी मात्र हातून सुटत होती.

रमजानचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपलीकडे संपत्ती आहे त्याने शेकडा अडीच टक्के जकात काढायची. पण ज्याच्याकडे फार नाही, त्यालाही देण्याच्या आनंदातून वगळलेले नाही. खजुराचा अर्धा तुकडा देता आला तरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अर्धा खजूर आणि एक दमडी यांत अंतर ते किती?

सोन्यारूप्याचा किल्ला

मशीद पाहून किल्ल्याकडे वळावे. मजुरांनी ज्याची भिंत उचलली, तो हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे, म्हणून भुईकोट. वर्तुळाकार तट, सुमारे पावणेदोन किलोमीटरचा घेर, भोवती रुंद खंदक. सध्या तो लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे जाताना ओळखपत्र जवळ ठेवावे आणि प्रवेशाची चौकशी आधी करावी.

या जागेची गोष्ट 28 मे 1490 पासून सुरू होते. भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे तिथेच सीनेच्या काठी शहर वसवले. तो दिवस आजही नगरचा स्थापना दिन मानला जातो. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की, मलिक अहमदचे वडील मूळचे ब्राह्मण होते आणि त्यांच्या घराण्याकडे पाथरीचे कुलकर्णीपद होते. म्हणजे दख्खनच्या या सुलतानीचे एक मूळ परभणी जिल्ह्यातल्या कुलकर्ण्यांच्या घरात सापडते.

किल्ल्याने पाहिलेला सर्वांत कठीण काळ 1595-96 चा. अकबराचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन आला. निजामशाहीत सरदारांची भांडणे लागलेली. अशा वेळी हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी किल्ल्यात उभी राहिली. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतल्या लोकांनी शोधून निकामी केले. पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबिबी बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन त्या खिंडारापाशी आली. दिवसभर लढाई झाली आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून काढले गेले. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली, असे लोक सांगतात. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला राहिला.

दुर्दैव असे की 1600 मध्ये दुसऱ्या वेढ्यात तिला शत्रूने नव्हे, तर तिच्याच लोकांनी मारले. किल्ला वाचवणे शक्य नाही, तहाची बोलणी करावीत, असे तिचे मत पडले. त्यावर 'बेगम फितूर झाली' अशी आवई उठली आणि जमाव महालात घुसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोगल आत आले. अफवेच्या किमतीचा हिशेब नगरने सव्वाचारशे वर्षांपूर्वी चुकता केला आहे.

पुढे हाच किल्ला लढून नव्हे, तर पैसे मोजून मिळवला गेला. 1759 मध्ये पेशव्यांनी किल्लेदार कवीजंगाला रक्कम देऊन तो ताब्यात घेतला. 1797 मध्ये तो दौलतराव शिंद्यांकडे गेला आणि ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीच्या तोफांपुढे इंग्रजांच्या हाती पडला. ज्या भिंतीसाठी मजुरांनी घाम गाळला, तिचे मालक असे बदलत गेले. त्याच मजुरांच्या दमड्यांची मशीद मात्र कोणी विकत मागितली नाही.

पहाटेचा चहा आणि चिमण्या

किल्ल्याचा शेवटचा मोठा अध्याय बंदिवानांचा. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीतल्या बाराजणांना इथे आणून ठेवले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद, आणि त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी इथे वाफे खणून फुलझाडे लावली आणि 1944 मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मौलानांनी इथेच 'गुबारे खातिर' लिहिले, हे मराठी वाचकांपर्यंत कमी पोहोचले आहे.

ही पत्रे आहेत. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून लिहिलेली, पण टपालात कधीच न पडलेली. कारण बाहेर पत्र पाठवायची सोय नव्हती. मौलाना पहाटे तीन-चारच्या दरम्यान उठत. नगरमध्ये आज ज्या वेळी सहेरीचे दिवे लागतात, साधारण तीच वेळ. स्वतःच्या हाताने चहा करत; दुधाचा नव्हे, चिनी पांढऱ्या चमेलीचा. घोट-घोट घेत लिहायला बसत. खोलीत चिमण्यांनी घरटे केले होते. आधी त्यांनी चिमण्यांना हाकलायचे सगळे उपाय केले. मग हार मानली, तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली आणि हळूहळू चिमण्या तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावेही दिली. इंग्रजी साम्राज्याशी भांडणारा माणूस मूठभर तांदळांवर चिमण्यांशी दोस्ती करतो, हे वाचताना हसू येते.

त्याच पुस्तकात दुःखाचेही पान आहे. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना घरातून निघाले ती शेवटची भेट ठरली. आजार वाढल्याच्या बातम्या येत होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती पोहोचवतो, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. त्यांना सरकारकडे काही मागायचे नव्हते. रोजचा क्रम त्यांनी मोडू दिला नाही. वरून दिसणारी ती शांतता पुष्कळशी देखावाच होती, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. 9 एप्रिल 1943 ला मृत्यूची तार आली.

दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्राच्या शेवटी मौलाना किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीविषयी लिहितात. ती कोणाची हे त्यांना माहीत नव्हते. शेकडो वेळा नजरेखालून गेलेली ती कबर आता पाहताना एक नवाच जिव्हाळा वाटू लागला, असे त्यांनी म्हटले आहे. पत्नीच्या कबरीवर माती द्यायला जाता आले नाही, म्हणून नगरच्या एका अनोळखी कबरीने त्यांना सोबत केली.

लंगर आणि दोन नावे

दुपार कलल्यावर शहरात यावे. बारा इमाम कोटला ही 1537 च्या सुमाराची वास्तू. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात इराणहून आलेले विद्वान शाह ताहिर यांच्याशी ती जोडलेली आहे. तिचे जुने नावच मुळी 'लंगर' होते. गोरगरिबांना इथे शिजवलेले अन्न मिळे. मोहरमची सवारी कोटल्याशी जोडलेली आहे आणि नवस बोलणारे-फेडणारे कोण कोणत्या धर्माचे हे तिथे कोणी विचारत नाही. रमजानच्या इफ्तारीत ताटाशी बसलेल्याला जसे कोणी विचारत नाही, तसेच.

तिथून शाह शरीफ यांच्या दर्ग्यावर जावे. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हते, तेव्हा या दर्ग्यात नवस बोलला गेला. पुढे दोन मुलगे झाले आणि पिराच्या नावावरून एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी ठेवले गेले. त्या शहाजीराजांनीच निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत याच जिल्ह्यातल्या पेमगिरीवर लहानग्या मुर्तझाला गादीवर बसवून 1636 पर्यंत राज्य टिकवायची धडपड केली. आणि त्यांच्याच पुत्राने स्वराज्य उभारले. महाराष्ट्राच्या इतिहासातले एवढे मोठे नाव नगरच्या एका फकिराच्या नावावरून आले आहे, हे दर्ग्यात उभे राहून आठवले की बोलायचे फारसे काही उरत नाही.

वेळ उरला तर शहराबाहेर पाथर्डी रस्त्यावरचा चांदबिबी महाल आहेच. मुळात ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. पण लोकांनी डोंगरावरची ती अष्टकोनी इमारत चांदबिबीच्या नावावर करून टाकली. वजिराने बांधले आणि लोकांनी आपल्या लाडक्या राणीला देऊन टाकले.

ईदच्या आधी

सूर्य मावळतीला आला की परत शहरात यावे. कापडबाजारात ईदच्या खरेदीची गर्दी असते. शीरखुर्म्याच्या शेवया, सुकामेवा, मुलांचे कपडे, बांगड्या. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचे. ईदच्या आधी उधारी मिळते, दिवाळीच्या आधी तीच उलट्या बाजूने फिरते.

ईदच्या नमाजपूर्वी प्रत्येक ऐपतदार घरातून फित्रा दिला जातो. घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक वजनाचा गहू किंवा त्याची किंमत. आदल्या रात्री जन्मलेल्या बाळाचाही त्यात हिस्सा धरतात. रक्कम फार मोठी नसते. हेतू एवढाच की ईदच्या सकाळी कोणाची चूल थंड राहू नये आणि कोणाला हात पसरावा लागू नये. घरातली मोठी माणसे बहुधा लहान मुलाच्याच हातून तो देतात, म्हणजे देण्याची सवय हाताला लागते.

या वर्षी त्या मुलांना ईदच्या दुसऱ्या दिवशी दमडी मशिदीकडे न्यावे. शेजारपाजारच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. किल्ला कोणी बांधला असे विचारले तर मुले हुसेन निजामशहा म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. मग मशिदीच्या दगडावर हात ठेवायला सांगून विचारावे, ही कोणी बांधली? त्या मजुरांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यांचा धर्म, त्यांची जात, त्यांचे गाव यातलेही काही नाही. ठाऊक आहे ती फक्त त्यांनी दिलेली रक्कम.